मधून की आरपार?

तांडेल बाई वर्गात शिरायच्या आधी त्यांची दोरी शिरायची. निळी, नायलॉनची, मासळीच्या जुन्या जाळ्यातून सोडवलेली. दारातून ती सुसाट आत यायची आणि जो कोणी डुलक्या घेत असेल त्याच्या गळ्यात नेमकी पडायची. मी मराठीचा मास्तर, थोडं वाढवून सांगायचा मला परवाना आहे. पण दोरी गळ्यात पडायची हे सोळा आणे खरं. मागोमाग बाईंचा आवाज. तो असा, की डहाणूच्या खाडीतलं ओहोटीला निघालेलं पाणी दचकून परत फिरायचं आणि घोलवडच्या वाड्यांतले कच्चे चिकू देठासकट गळायचे.

"दोरी गोल पडली! सांग, गोल केवढा?"

पोरगं गळ्यातला फास चाचपत म्हणायचं, "वीतभर, बाई."

"वीतभर कुठून कुठवर? मधून की आरपार?"

मधून म्हणजे मध्यबिंदूपासून कडेपर्यंत, पुस्तकातली त्रिज्या. आरपार म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुस्तकातला व्यास. पुस्तकातले शब्द बाई परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शिकवायच्या. त्याआधी वर्षभर फक्त हे दोन. शाळेत प्रश्न कसलाही असो, पाण्याची टाकी केवढी, विहीर केवढी, मुख्याध्यापकांचं पोट केवढं, आधी हे ठरायचं. आमचे हेडसर पोटाच्या बाबतीत जरा नाजूक होते. ते बाईंच्या समोरून जाताना श्वास आत घेऊन जायचे.

आमची आश्रमशाळा तलासरी नाक्यावरून आत, जिथे एसटी वळते आणि वळली याबद्दल स्वतःच पश्चात्ताप करते, अशा ठिकाणी. मी गंजाडचा, शेतावरचा. बाई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या. आई मासळी बाजारात टोपली घेऊन बसणारी, बाप आणि भाऊ बोटीवर. घराण्यात पहिल्यांदा कोणी मासळीऐवजी गणित विकायला काढलं ते बाईंनी, आणि विकायची पद्धत मात्र बाजारातलीच ठेवली. घासाघीस नाही, उधारी नाही, आणि माल ताजा आहे का असं विचारणाऱ्याची धडगत नाही.

वसतिगृहातल्या ताटांवर त्या परीघ शिकवायच्या. पोरं आपापलं ताट घेऊन बसायची. ताटाच्या कडेनं दोरी फिरवायची, मग ती उलगडून ताटावर आडवी मोजायची. "किती वेळा बसली आरपार?" "तीन वेळा, बाई, आणि थोडी उरली." "ती थोडी म्हणजेच सगळं आहे! तीन नि चिमूट. ताट असो, तवा असो, चंद्र असो, तीन नि चिमूट. चिमूट विसरलास तर लुगडं कमरेला पुरायचं नाही, गावात बोंब होईल." एका पोराच्या ताटाला मोठा पोचा होता, त्याचं उत्तर चुकलं. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. ताट घेऊन सरळ हेडसरांच्या टेबलावर आपटलं. "सर, सरकारनं पोरांना गोल ताटं दिली होती. ही पोरं चेपलेल्या ताटात जेवतात आणि तुम्ही वर कळवतो म्हणता. वर कोण बसलंय, छपरावरची पाल?" आठवड्यात नवीन ताटं आली. मी म्हणतो, नुसत्या आवाजानं सरळ झालेली जुनीच असतील, पण आली.

क्षेत्रफळाला नागलीची भाकरी. भाकरीचे मधून कडेपर्यंत पंख्याच्या पात्यांसारखे तुकडे करायच्या, मग एक उलटा, एक सुलटा असे शेजारी शेजारी लावायच्या. बघता बघता गोल भाकरीची लांबट चौकोनी चटई व्हायची. "लांबी बघा, कडेची अर्धी दोरी. रुंदी बघा, मधून. अर्धी दोरी गुणिले मधून, झालं क्षेत्रफळ. आता खा." पोरांनी क्षेत्रफळ खाल्लं. त्या वर्षी दहावीला गोलाचं गणित कोणाचं चुकलं नाही, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीनं भाकऱ्या कुठे जातात म्हणून जी ओरड केली ती अजून माझ्या कानात आहे.

बाईंचा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे वर्तमानपत्रं. "पाच किलोमीटरच्या परिघात स्फोटाचा आवाज" असलं काही छापून आलं, की पेपर शिक्षकखोलीच्या खिडकीतून बाहेर जायचा. "परिघात? परीघ म्हणजे कड! कडेवर उभं राहून आवाज ऐकला काय सगळ्यांनी, सर्कशीतल्या वाघासारखं? तुमच्या मराठीच्या लोकांना लाज नाही!" हे शेवटचं मला. महाराष्ट्रातल्या सगळ्या संपादकांच्या वतीनं मी रोज खाली मान घालायचो.

दुसरा राग "तेच ते" या शब्दांवर. त्यापायी एक लग्न मोडलं. बोईसरच्या कारखान्यातला इंजिनीअर बघायला आला होता. कांदेपोहे झाले. मुलानं ऐट दाखवायला सांगितलं, आमच्या कारखान्यातली टाकी वीस फुटांची आहे. बाईंनी पदर सावरून विचारलं, "गोल ना? मग वीस मधून की आरपार?" मुलगा हसला. म्हणाला, "तेच ते." बाई उठल्या आणि पोह्यांची बशी त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "एका टाकीच्या जागी चार टाक्यांचं पाणी येतं, आणि हा म्हणतो तेच ते. असल्या माणसाला पगार तरी कळतो का हातात किती येतो?" मी तिथे नव्हतो. पण मी ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली आहे, की आता मी तिथे असल्यासारखाच आहे.

माझ्या या सवयीवरही बाई चिडायच्या. "सर, तुम्ही फुगवता. फुगवा, माझं काही म्हणणं नाही. पण मध्यबिंदू सोडून फुगवू नका. गोल राहत नाही मग, बटाटा होतो."

म्हणून पुढचं मी मध्यबिंदू धरून सांगतो.

२०१८ ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. पहिला धक्का बसला तेव्हा हेडसर कार्यालयातून ओरडले, "तांडेल बाई, जरा हळू!" बाई त्या दिवशी रजेवर होत्या. मग आम्ही सगळे मैदानात पळालो. दुसरा बसला, तिसरा बसला, आणि हसणं बंद झालं. आधी भांडी वाजायची, मग जमिनीच्या पोटातून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग भिंती. डहाणू आणि तलासरीच्या आतल्या पाड्यांत घरांना चिरा पडल्या. माणसं घरात जेवायची आणि बाहेर झोपायची. नंतर नंतर जेवायचीही बाहेर. डिसेंबर लागला. आमच्याकडे समुद्र जवळ असला तरी आतल्या बाजूला थंडी दात दाखवते, आणि दव असं पडतं की सकाळी गोधडी पिळून वाळत घालावी लागते.

शाळेला लागूनच पाडा आहे. त्या पाड्यातली रंजू बाईंची जुनी विद्यार्थिनी. गणितात पोरांना मागे टाकणारी, दोरी गळ्यात पडायच्या आधीच हवेत झेलणारी. लग्न होऊन गेली होती, ती पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आलेली. दिवस भरत आलेले. घराची मागची भिंत फुगलेली, म्हणून तीही बाहेर, खताच्या गोणीच्या प्लास्टिकखाली. आरोग्य केंद्राच्या आशाताई येऊन सांगून गेल्या, बाळाला थंडी लागता कामा नये, ओल लागता कामा नये. रंजूची आई म्हणाली, "लागता कामा नये ते ठीक, पण जमिनीला कोण सांगंल?" त्या दिवसापासून बाई शाळा सुटली की आधी रंजूकडे जायच्या. प्लास्टिकवरचं दवाचं पाणी झटकायच्या आणि परत येऊन शिक्षकखोलीत शिव्या द्यायच्या. कोणाला ते ठरलेलं नसायचं. ज्याच्यावर नजर पडेल त्याला.

अशात मुंबईहून एक दानशूर संस्था आली. तिचं नाव मी घेणार नाही. मला तेवढी जीभ विटाळायची नाही. तलासरी नाक्यावर भलाथोरला बॅनर लागला: भूकंपाच्या केंद्रापासून दहा किलोमीटर परिघातील प्रत्येक कुटुंबास तंबू. बाई बॅनरखाली थांबल्या. मी कानात बोटं घातली. पण त्या म्हणाल्या, "परिघातील लिहिलंय मेल्यांनी. जाऊ दे. तंबू देतायत, व्याकरण माफ." मी त्यांना कोणालाही काही माफ करताना पाहिलं ते तेवढंच.

आमची शाळा त्या केंद्रापासून सात किलोमीटर. पहिलीतलं पोर सांगेल, सात दहाच्या आत बसतात. आम्ही वाट बघत बसलो. पाड्यानं बांबू काढून ठेवले, खड्डे खणून ठेवले. तंबूंचा टेम्पो आला, आमच्यासमोरून गेला, ओहोळापलीकडच्या पाड्यांत रिकामा झाला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी टेम्पो अडवला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमचा पाडा गोलात नाय. साहेबांनी नकाशावर गोल मारलाय. आत असेल त्यालाच." हेडसर म्हणाले, "मी वर कळवतो." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी श्वास आत घेतला तो बहुतेक अजून सोडलेला नाही.

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या. तलासरी ते डहाणू रोड हा रस्ता मी त्या दुपारी किती वेळात काटला ते सांगत नाही, लायसन जाईल. बाई मागून ओरडत होत्या आणि गाडी पेट्रोलवर कमी, त्यावर जास्त धावत होती.

स्टेशनजवळच्या एका लॉजच्या खालच्या हॉलमध्ये संस्थेचा मुक्काम. मध्ये टेबल, टेबलावर नकाशा, नकाशावर चहाचे कप. भोवती टी-शर्टवाली चार शहरी पोरंपोरी, आणि खुर्चीत साहेब. अंगात जाकीट. त्या जाकिटाला इतके खिसे, की एकेका खिशात एकेक पाडा मावावा. डहाणूच्या भर दुपारी घाम गाळत माणूस जाकीट घालून बसलेला. फोटोत तसंच दिसायचं असतं म्हणे.

"या मॅडम, बसा. चहा घ्या."

"चहा राहू द्या," बाई म्हणाल्या. "बशी द्या."

साहेबांसमोरच्या कपाखालची बशी त्यांनी स्वतःच ओढली, कप टेबलावर ठेवला आणि बशी नकाशावर पालथी घातली. नकाशावर लाल पेनानं काढलेला गोल होता. बशी त्यावर टोपणासारखी बसली. दोऱ्याएवढी फट नाही.

"गोल बशीनं मारलाय."

"हो, कंपास कुठून आणणार इथे?" साहेब कौतुकानं म्हणाले. "पण मापात आहे हां. बशी बरोबर दहा किलोमीटरची. मी स्वतः पट्टी लावून बघितली."

"पट्टी कुठून कुठवर लावली?"

"इकडून तिकडे."

"म्हणजे आरपार दहा. मग मधून पाच. नाक्यावरच्या बॅनरवर काय लिहिलंय? केंद्रापासून दहा. केंद्रापासून! केंद्र बशीच्या मध्ये असतं, कडेला नसतं."

"मॅडम," साहेब हसले, "दहा म्हणजे दहा. तेच ते."

मी दोन पावलं मागे सरलो. बोईसरच्या इंजिनीअरची आठवण झाली. पण बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज खाली आला. हे लोक चुकलेत, त्यांना कोणी शिकवलेलं नाही, असं दिसल्यावर बाईंमधली मास्तरीण जागी झाली. पिशवीतून निळी दोरी काढली. टी-शर्टवाल्या एका पोरीला हॉलच्या मध्ये उभं केलं, दुसऱ्याला दोरीचं टोक धरून फिरवलं. मग दोरी दुप्पट सोडून पुन्हा फिरवलं. मग फरशा मोजायला लावल्या. पोरं मोजताना चकित झाली. "मॅडम, हा तर चौपट येतोय!"

"मधली दोरी दुप्पट केली की जागा चौपट होते, बाळा. तुमच्या बॅनरवरचा गोल चार बशांचा आहे. तुम्ही वाटलेत एका बशीत. तीन बशा माणसं थंडीत बाहेर ठेवलीत. झाली चूक, होते. आता सुधारा. माझी एक पोर बाळंत व्हायचीय, तिच्यापासून सुरुवात करा."

पोरं खाली बघायला लागली. साहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

"वा! काय शिकवता, मॅडम! शाळेत असताना मला तुमच्यासारख्या बाई हव्या होत्या. आता मी तुम्हाला एक शिकवू? माझ्याकडे तंबूच मुळात एका बशीपुरते आहेत."

"मग बॅनरवर पाच लिहा."

"पाच लिहून कसं चालेल? देणाऱ्यांना दहा सांगितलंय. पेपरात दहा आलंय. दहा बरं दिसतं."

"म्हणजे हे चुकून झालं नाही?"

"चूक कसली?" साहेबांना खरोखरच अपमान वाटला. "लॉजवाल्यानं आधी जेवणाची डिश दिली होती. ती मोठी पडत होती. मग मी बशी मागवली."

बाईंनी दोरी गोळा केली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली आणि बाहेर आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, की आता फुटेल, आता स्टेशनाचं छप्पर उडेल, आता सुरतेपर्यंतच्या गाड्या जागच्या जागी थांबतील. काही झालं नाही. वडापावच्या गाडीशी त्या थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सर, मला आजवर वाटायचं, लोकांना येत नाही म्हणून असं करतात. शिकवलं की थांबतील. याला येतंय हो. चौथा हिस्सा याला पक्का येतोय."

बाईंचा मोठा आवाज मी पुष्कळ ऐकला. या आवाजाची मला अजून भीती वाटते. मला स्वतःला त्या क्षणी परत जाऊन त्या जाकिटाच्या प्रत्येक खिशात एकेक कानफटीत ठेवायची होती. अजून आहे. हे लिहितानाही हात शिवशिवतोय.

"मी परत जातो," मी म्हटलं.

"जाऊन काय करणार? त्याच्याकडे तंबू नाहीत. बाजारात चला."

मासळी बाजारात बाईंची आई वाटे मांडून बसली होती. म्हातारीचा आवाज लेकीच्या दुप्पट. मधून दुप्पट, म्हणजे ऐकणाऱ्याला चौपट. सगळं ऐकून घेतलं, ऐकता ऐकता एका पापलेटाची दोन खांडं केली, आणि म्हणाली, "मेल्यानं बशीत माणसं मोजली? माझ्याकडे आला असता, मी कोयत्यानं शिकवलं असतं त्याला." मग लेकीकडे वळून, "आणि तू काय गो, दोरी दाखवून आलीस! पावसाळ्यात बोटींवर घालायच्या ताडपत्र्या आता कुठे असतात?"

"माळ्यावर."

"उंदरांना पांघरायला. बोटी सगळ्या दर्यात. ने सगळ्या. पण पाऊस लागायच्या आत परत हव्या. बोट उघडी भिजली तर तू माझी पोर नाय, सांगून ठेवते."

हे किनाऱ्यावरच्याच माणसाला सुचावं. पावसाळ्यात बोटी वर ओढून झाकतात, त्या ताडपत्र्या हिवाळ्यात नुसत्या पडून असतात. म्हातारी उठली, दारोदार गेली आणि टेम्पो भरला. टेम्पो आमच्याकडे पोचला तेव्हा उंबरगावपर्यंतची मांजरं त्याच्या मागे होती. कोणी म्हणेल, फुगवतो. पाड्यात विचारा. त्यातली काही अजून तिथेच आहेत.

हेडसर म्हणाले, चौकोनी बांधा, खोल्यांसारखे, बरे दिसतील. बाईंना ते "बरे दिसतील" लागलं. "कडेची दोरी तेवढीच असली तर चौकोनात कमी माणसं मावतात, गोलात जास्त. सर, कोणाला बाहेर ठेवायचं ते तुम्ही सांगा, मी चौकोन करते." सर बांबू आणायला वळले. मग मध्ये बांबू रोवला, बांबूला दोरी बांधली. गोल आखायला पाड्यातली माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून उभी राहिली, तारप्याच्या सुरावर नाचताना राहतात तशी. दोरी ताणून ती साखळी बांबूभोवती फिरली आणि पायांनी जमिनीवर गोल उमटला. तारपा वाजत नव्हता. त्या दिवसांत पाड्यात कोणाला तो हातात घ्यावासा वाटत नव्हता. पण गोल कंपासनं काढल्यासारखा आला. संध्याकाळपर्यंत पाडाभर मोठाल्या छत्र्या उगवल्या. आत बोंबलाचा वास असा, की झोपेत माणसाला आमटीची स्वप्नं पडावीत. कोणी कुरकुर केली नाही.

रंजू तलासरीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. आई-बाळाला सोडल्यावर बाळाचं पहिलं छप्पर म्हणजे ती ताडपत्री. बाई आत गेल्या, हात वर करून आतून छत चाचपलं. कोरडं होतं. मग बाळाकडे बघून म्हणाल्या, "हिला आत्ताच सांगून ठेव, बोंबलाचा वास हा पहिला वास आहे तिचा. मोठी झाली की नाक मुरडायचं नाही."

आणि मग, वाचकहो, जाकीट आलं. गाडी, कॅमेरा आणि नाक्यावरचा तो बॅनर घेऊन. आमच्या गोल तंबूंचा बोभाटा डहाणूपर्यंत गेला होता, आणि साहेबांना त्यांच्यापुढे बॅनर धरून फोटो हवा होता. टी-शर्टवाली ती पोरगी गाडीतून उतरलीच नाही, हे मी तिच्या नावावर जमा धरतो. साहेब उतरले. "मॅडम, काय सुंदर काम! एक फोटो होऊन जाऊ द्या."

बाईंनी जमिनीवर पायानं रेघ ओढली.

"आपला आवाज तिकडून येऊ दे. या रेघेच्या आत यायचं नाही."

"का बरं?"

"तुमच्या बशीत आम्ही नव्हतो. तुमच्या फोटोतही नाही."

साहेब म्हणाले, अहो, मदत कोणाची का असेना, लोकांना मिळाल्याशी कारण, तेच ते. बाई काही बोलायच्या आधीच तंबूतून रंजूची आई बाहेर आली. हातात बाळाची दुपटी धुतलेल्या पाण्याची बादली. ती पाणी कुठे फेकायचं ते बघत होती. साहेब गाडीत बसले. फोटो निघाला नाही.

त्याची किंमत बाईंनी दिली. आमच्या शाळा चालवणाऱ्या मंडळींना त्याच दानशूरांकडून संगणक मिळायचे होते. ते मिळाले. अजून खोक्यांत आहेत, वीजच टिकत नाही. आणि बाईंना बदलीचा कागद मिळाला: मंडळींची दुसरी शाळा, घाटावर, दूर, जिथे समुद्र म्हणजे काय ते पुस्तकातच बघायचं. मी हेडसरांच्या टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, वर कळवतो. मी जे बोललो ते छापता येत नाही.

पाऊस तोंडावर आला होता. ताडपत्र्या उतरल्या, घड्या झाल्या, टेम्पोत चढल्या. त्याच टेम्पोत पुढे बाई बसल्या. म्हातारीला दिलेला शब्द होता. बोट उघडी भिजून चालणार नव्हती. पाड्यानं भिंतींना आतून बांबूचे टेकू दिले होते. जमीन अधूनमधून हलतच होती, आणि लोक देवाचं नाव घेऊन परत घरात शिरले. रंजू अजून आईकडेच होती, आणि त्या घराच्या मागच्या भिंतीला मात्र टेकूही धरेना.

माझा चेहरा बघून बाई टेम्पोतूनच ओरडल्या. तो जुना, चिकू पाडणारा आवाज, कित्येक महिन्यांनी परत आलेला. "रडताय काय, मास्तर? कंपासची सुई उचलून दुसरीकडे रोवली तर गोल लहान होतो का? पाय तेवढाच फाकवला की गोल तेवढाच! आणि या रंजूच्या भिंतीचं बघा. वर कळवू नका. बघा!"

टेम्पो गेला. ताडपत्र्या गेल्या, दोऱ्या राहिल्या. म्हातारीनं त्या परत मागितल्या नव्हत्या.

जूनच्या अखेरीला, चिखलातून वाट काढत आणखी एक गाडी पाड्यात आली. ही संस्था वेगळी, माणूस वेगळा, जाकीट तसंच. पत्रे वाटणार होते. रंजूच्या दारात उभं राहून त्यानं आम्हाला कागदावरून वाचून दाखवलं, "पाच किलोमीटरच्या परिघात जेवढी घरं येतील तेवढ्यांना."

मी तोंड उघडलं. पण रंजू उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती. पोर मांडीवर. सूप हलायचं थांबलं नाही, मान वर झाली नाही.

"पाच कुठून कुठवर, दादा? मधून की आरपार?"

तो माणूस हसला. "ताई, तेच ते."

रंजूनं सूप खाली ठेवलं. उठली, पोर माझ्या हातात दिली आणि दोरी आणायला आत गेली.